उणे दहासाठी काय विकत घ्यावं, काय भाड्यानं आणावं: रत्नागिरीहून गुलमर्गला जाताना

रत्नागिरीत राहून उणे तापमानाची सवय असलेली माणसं थोडी, आणि ती बहुतेक सगळी मासळीच्या कारखान्यांत कामाला आहेत. मी त्यांतली एक. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीचं काम बघते. कोळंबी, म्हाकूल, बळा, मिरकरवाड्याहून जे काही येतं ते गोठवायचं, खोक्यांत भरायचं आणि उणे १८ अंशांच्या खाली ठेवायचं. ते तिथेच राहतंय ना हे बघायला मला दिवसातून कितीतरी वेळा कोल्ड स्टोअरेजमध्ये जावं लागतं. म्हणून जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरलं तेव्हा मी घरात सांगून टाकलं की थंडीची खरेदी मी करणार. हा आढावा त्या खरेदीचा, आणि वर गेल्यावर भाड्यानं घेतलेल्या सामानाचा. मुख्यतः आपल्या कोकणातून जाणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण आपली अडचण दिल्लीवाल्यांपेक्षा वेगळी आहे. ती पुढे येईलच.

घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सातवीतला मुलगा. आधी कुणीच स्कीवर उभं राहिलेलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, चांगलं जाडजूड जॅकेट घेतलं की काम झालं. आमच्या लोडिंगच्या मुलांना विचाराल तर ती वेगळं सांगतील. वीस किलोचे मास्टर कार्टन रचताना अंगाला घाम येतो, तो बनियनमध्ये मुरतो, आणि हात जरा थांबले की तोच घाम पाठीला गार लागायला लागतो. स्की शिकतानाही हेच होतं. पडायचं, उठायचं, स्की खांद्यावर टाकून चढ चढायचा, की घाम फुटतो. मग आपला नंबर येईपर्यंत रांगेत उभं राहायचं, की हुडहुडी भरते. म्हणून कपडा किती जाड आहे ते मी सगळ्यात शेवटी बघितलं. आधी बघितलं ते, ओला झाला तर किती वेळात सुकतो आणि घातल्यावर कुठे आवळतो.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर. २१ डिसेंबरपासून पुढचे चाळीस दिवस काश्मीरमध्ये चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. आम्ही गेलो तेव्हा तो सरत आला होता, तरी रात्री पारा उणे दहाच्या आसपास होता. आकड्यानं बघितलं तर आमच्या गोदामापेक्षा ही थंडी कमी. पण वारा हिशोबात धरावा लागतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते जवळजवळ उणे २० लागतं. कोल्ड स्टोअरेजमध्येसुद्धा रॅकच्या आड उभं राहणं आणि ब्लोअरच्या तोंडाशी उभं राहणं यात जमीनअस्मानाचा फरक असतो. मॅनेजरसाहेबांची परवानगी काढून मी घरच्यासाठी घेतलेली प्रत्येक वस्तू त्या ब्लोअरसमोर घालून बघितली. दहा मिनिटं उभं राहायचं, थोडं चालायचं, बाहेर यायचं. दुकानातल्या आरशासमोर जे कळत नाही ते तिथे लगेच कळतं: कॉलर आणि टोपी यांच्यामध्ये मानेवर उघडी राहिलेली पट्टी, बाहीतून आत शिरणारा वारा, कमरेत वर सरकणारा थर्मल.

थर्मलचं लेबल वाचून घ्या. आपल्या बाजारात थर्मल म्हणून जे मिळतं ते बरचसं कॉटनचं किंवा कॉटन मिसळलेलं असतं. महाबळेश्वरला ते पुरे. बर्फात नको, कारण कॉटन घाम धरून ठेवतं. मी एक कॉटनचा आणि एक पॉलिस्टरचा थर्मल एकाच वेळी भिजवून, पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकला. डिसेंबरची हवा, म्हणजे आपल्याकडची त्यातल्या त्यात कोरडी. पॉलिस्टरचा जेवणवेळेपर्यंत सुकला. कॉटनच्या काखा दिवेलागणीलाही दमट होत्या. तेव्हाच ठरलं. तिघांनाही पॉलिस्टरचे दोन दोन जोड डेकॅथलॉनवरून मागवले, आणि मला स्वतःला मेरिनो लोकरीचा एक वरचा घेतला. मेरिनो महाग आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती लोकर टोचत नाही, दमट झाली तरी ऊब सोडत नाही, आणि सलग घातली तरी वास मारत नाही. एकच वस्तू भारीतली घ्यायची असेल तर ही घ्या. थर्मल आणि जॅकेट यांच्यामधल्या थराला पातळ फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ, हलकं कापड, पुरतं. कोल्हापुरात हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल लागतात, तिथून घेतलेलं आमच्याकडे होतंच. पुढे चेन असलेलं घ्या, म्हणजे गरम झालं की गळ्यापासून उघडता येतं.

वरचं जॅकेट आणि पँट आम्ही विकत घेतली नाही, आणि या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे: कोकणात राहत असाल तर घेऊ नका. पैशाचा प्रश्न आहेच, पण खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. हे कपडे वर्षातून आठवडाभर अंगावर असणार आणि बाकीचा काळ कपाटात. जून ते सप्टेंबर आपल्या कपाटात काय होतं ते मी सांगायला नको. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, लोकरीला कुबट वास. पिसांचं जॅकेट तर आपल्या हवेत ठेवूच नये. पिसं दमट झाली की गोळा होऊन बसतात, आणि ऊब जी असते ती पिसांच्या मोकळेपणात असते. माझ्या दिरानं मनालीला जाताना भारीतले स्नोबूट घेतले होते. जपून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. काही पावसाळ्यांनंतर काढले तर वरचं कातडं ठणठणीत आणि सोल नाचणीच्या शिळ्या भाकरीसारखा हातात तुटायला लागला. त्या मऊ सोलमधलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं आतून कुजतं, बूट पायात न घालता नुसता ठेवला तरी. थंड, कोरड्या मुलखात राहणाऱ्यांना हा ताप इतका नाही. आपल्याला आहे. म्हणून मी आमच्यापुरता नियम केला: अंगाला थेट लागतं ते स्वतःचं, बाकी सगळं भाड्यानं.

अंगाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये हातमोज्यांना मी सगळ्यात जास्त वेळ दिला. आमच्याकडे कोळंबी सोलणाऱ्या बायका दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून असतात. आत पातळ सुती मोजा, वर रबरी मोजा. आतला ओला झाला की त्या लगेच बदलतात, कारण ओल्या मोज्यात बोटं आधी दुखतात आणि मग बधिर होतात. स्की शिकणाऱ्याचे हात सतत बर्फात टेकतात. पडलं की हात, उठताना हात, बूट लावताना हात. तेव्हा हातमोजा पाण्याला दाद देतो का ते घरीच बघायला हवं.

मी बादलीत पाणी घेतलं, त्यात कारखान्यातला बर्फ टाकला. हातात आधी कोरडा पातळ मोजा, वर तपासायचा हातमोजा, मनगटाच्या जरा खालपर्यंत हात पाण्यात, आणि मुठी उघडमीट करत राहायचं. ऑनलाइन मागवलेल्या एका जोडीवर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असं ठळक छापलं होतं. किंमत ८५० रुपये. थोड्याच वेळात अंगठ्याच्या बुडाशी, जिथे तीन शिवणी एकत्र येतात तिथे, गार ओल जाणवली. काढून बघितलं तर आतल्या मोज्यावर तिथेच ओला डाग, आणि बघता बघता तो तळव्यावर पसरला. विक्रेत्यानं माल परत घ्यायला नकार दिला. म्हणे वापरलेला आहे. पाण्यात न घालता वॉटरप्रूफ आहे की नाही हे गिऱ्हाइकाला कसं कळावं, असं मी त्याला लिहिलं. उत्तर आलं नाही. पैसे गेले ते गेले, पण मला राग याचा आहे की त्या छापील शब्दांवर विसंबून कुणीतरी ते मोजे लहान मुलाच्या हातात घालेल.

दुसरी जोडी डेकॅथलॉनच्या वेडझे या ब्रँडची. तोच प्रयोग, तेवढाच वेळ. बाहेरचं कापड भिजलं, जड झालं, पण आतला मोजा कोरडा. फरक आतल्या पातळ पडद्यात असतो. वरच्या शिवणीतून पाणी शिरलं तरी ते त्या पडद्याला अडतं. त्यामुळे घेताना बाहेरून कितीही दणकट दिसला तरी आत असा वॉटरप्रूफ पडदा असल्याचं लेबलवर लिहिलंय का ते बघा. मापाचं म्हणाल तर बोटांच्या टोकाशी थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. बोट टोकाला टेकलं की तिथेच गारठतं, हे ब्लोअरसमोर पाच मिनिटांत कळलं. मुलाला पाच बोटांचा न देता, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असा मोजा घेतला. एकमेकांना चिकटून बोटं जास्त गरम राहतात. त्याला मनगटात अडकवायची दोरी आहे. चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्चीवर, बसून नाक पुसायला हातमोजा काढला आणि निसटला, तर तो खाली बर्फात गेला म्हणून समजा. दोरी असली की लोंबकळत राहतो. मोठ्यांच्या हातमोज्यांनाही अशी दोरी मिळते, जरूर घ्या.

पायांबद्दलचं शहाणपण आमच्या लोडिंगमधल्या एका जुन्या काकांचं. पंचवीसेक वर्षं गोदामात काम केलेला माणूस. मी दोन दोन मोजे घालायचा विचार बोलून दाखवला तर म्हणाले, “ताई, दोन मोजं नको हां. बूट आवळतो, मंग पाय गारठतो.” रक्त खेळतं राहिलं तर पाय गरम राहतो, आणि दोन मोज्यांनी बूट घट्ट झाला की रक्तच अडतं. शिवाय दोन मोजे एकमेकांवर सरकतात, घडी पडते, आणि त्या घडीवर स्कीचा कडक बूट दिवसभर दाबत राहतो. म्हणून एकच मोजा, गुडघ्याखालपर्यंत येणारा, लोकरमिश्रित, फार जाड नाही. थर्मलची पँट मोज्याच्या आत खोचायची नाही. ती मोज्याच्या वर, बुटाच्या बाहेर संपली पाहिजे, म्हणजे बुटात फक्त पाय आणि मोजा. ही गोष्ट मला काकांनी नाही, गुलमर्गच्या दुकानदारानं दाखवली, आणि त्यानं फार फरक पडला.

आता वर काय मिळतं ते. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ असला की टंगमर्गला गाडी बदलायची आणि वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनं जायचं. या टंगमर्गला लांब कोट आणि गमबूट भाड्यानं देणारी दुकानं ओळीनं आहेत. गाडी थांबल्या थांबल्या एका दुकानात आम्हाला जवळजवळ ओढूनच नेलं. “मॅडम, ऊपर कुछ नहीं मिलेगा, यहीं से लेना पड़ेगा.” मी कोटाच्या काखेत हात घालून बघितला. अस्तर दमट होतं, आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामानं. गमबूट म्हणजे नुसतं रबर, तळ झिजून गुळगुळीत. फोटोपुरतं बर्फात उभं राहायचं असेल तर चालेल कदाचित, स्कीइंगला यातलं काहीच उपयोगाचं नाही. आम्ही काही न घेता गाडीत बसलो. वर सगळं मिळतं. कुणी कितीही घाबरवलं तरी टंगमर्गला पैसे घालवू नका.

गुलमर्गला ज्या दुकानातून आम्ही स्की, बूट, काठ्या, हेल्मेट, जॅकेट आणि पँट घेतली ते अगदी छोटं दुकान. मधोमध बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटलेली आणि भिंतीला लागून बुटांची रांग. दुकानदारानं आधी तिघांचे मोजे काढायला लावले. जमिनीवरच्या पट्टीवर पाय ठेवून टाच ते अंगठा असं सेंटिमीटरमध्ये माप घेतलं. स्कीच्या बुटांचा नंबर पायाच्या लांबीवरूनच असतो. पाय २५ सेंटिमीटर तर बूट २५. आपला नेहमीचा सहा-सात नंबर तिथे सांगून उपयोग नाही, म्हणून घरूनच तिघांची मापं लिहून न्या. बूट घातल्यावर त्यानं मला सरळ उभं केलं. अंगठा पुढे जेमतेम टेकत होता. मग गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबायला सांगितली, तशी टाच मागे बसली आणि अंगठा सुटला. हे असं झालं की माप बरोबर. नवऱ्याला पहिला बूट फारच छान, मोकळा वाटला. दुकानदारानं तोच काढून घेतला आणि एक नंबर कमी दिला. सैल बुटात टाच उचलली जाते, मग स्की ऐकत नाही. चार बकलांपैकी खालची हलकी लावायची, घोट्याजवळची घट्ट, हेही त्यानं स्वतः खाली बसून मुलाला करायला लावलं.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडलं. त्यानं प्रत्येकाचं वजन, उंची, वय विचारलं, आधी कधी स्की केलं आहे का ते विचारलं, बुटाच्या तळाची लांबी बघितली आणि स्क्रूड्रायव्हरनं स्कीवरच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा बदलला. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा लागतो, नाहीतर गुडघा पिळवटतो. आकडा फार जास्त असेल तर बूट सुटत नाही, फार कमी असेल तर चालता चालता निघतो. मी कारखान्यात थर्मामीटरचं कॅलिब्रेशन झालंय का ते रोज बघते, त्यामुळे कुणी न मागता आकडा नीट लावून देतो हे बघून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. तुमच्या दुकानदारानं वजन विचारलं नाही आणि सरळ स्की हातात दिली, तर त्याच्याकडून घेऊ नका. दुसरं दुकान शोधा.

जॅकेट आणि पँट त्याच्याकडची जुनी होती, रंग उडालेला. पण मी काखा, खिसे, चेनी तपासल्या, बाहीवर पाण्याचे थेंब टाकून बघितले. पाणी ओघळून गेलं. जॅकेटच्या आत कमरेला बटणांचा पट्टा असतो, पडल्यावर बर्फ आत शिरू नये म्हणून. तो आहे ना ते बघून घ्या. मुलाच्या पँटची चेन अडकत होती, ती मुकाट बदलून दिली. भाडं दिवसावर ठरतं, आणि आधी बोलून घेतलं तर सगळ्या दिवसांचं मिळून कमी करतात. पावती मागितली तेव्हा कागदावर लिहून दिली. सामान रात्री दुकानातच ठेवायची सोय होती आणि सकाळी बूट बुखारीजवळ ठेवलेले, आतून सुके आणि कोमट मिळायचे. ओल्या, गार बुटात सकाळी पाय घालायचा म्हणजे काय हाल असतात ते शेजारच्या हॉटेलातल्या एका कुटुंबाकडून ऐकलं. त्यांनी बूट खोलीच्या दाराबाहेर ठेवले होते. खोलीवर नेणारच असाल तर आतलं अस्तर मोकळं करून हीटरपासून हातभर लांब ठेवा.

गॉगलबद्दल थोडं. गोठवलेल्या खोलीतून बाहेर रत्नागिरीच्या हवेत आलं की आमच्या चष्म्यावर क्षणात धुकं येतं, त्यामुळे हा त्रास माझ्या रोजच्या ओळखीचा. गुलमर्गला तो उलट्या वाटेनं येतो: गॉगल कपाळावर चढवला की कपाळाचा घाम काचेवर बसतो आणि परत डोळ्यांवर घेतला की गोठतो. गॉगल डोळ्यांवरच ठेवावा, नाहीतर गळ्यात. काच आतून बोटानं पुसू नये, आतला धुकं न धरणारा लेप निघतो. दुहेरी काचेचा, हेल्मेटवर बसणारा गॉगल आम्ही स्वतःचा नेला. भाड्याच्या गॉगलवर ओरखडे फार असतात. डोळ्यांना तो लागतोच. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीमुळे ते किरण मुळातच जास्त. म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावायचं. समुद्रावर वाढलेल्या माणसाला वाटतं आपल्याला ऊन नवीन नाही. पहिल्या दिवशी नवऱ्याची हनुवटी खालच्या बाजूनं भाजली.

ओठांना आणि गालांना सासूबाईंनी मुठेल दिलं होतं, कोकमाच्या बियांचं. टाचांच्या भेगांना घरात तेच असतं. त्याची तारीफ करायलाच हवी. दुकानातलं लिपबाम दर अर्ध्या तासानं लावावं लागत होतं, मुठेल सकाळी लावलं की जेवणापर्यंत ओठ मऊ. ते मुळातच घट्ट, शरीराच्या उबेवर विरघळणारं, त्यामुळे तिथल्या थंडीत दगड होतं. छोट्या डबीत घालून आतल्या खिशात ठेवा आणि लावायच्या आधी बोटानं घासा. उन्हापासून मात्र ते वाचवत नाही, सनस्क्रीन आधी लावायचं. खोबरेल तेल नेऊ नका, ते बाटलीत गोठून बसतं.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते, आणि उबेत आली की थोडी परत येते. आपलं बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं. गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची, तिकिटं ऑनलाइन आधीच काढून ठेवा. दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो, पण वारा वाढला की बंद ठेवतात. वरून स्कीवर उतरायचा विचार नवशिक्यानं करू नये, तिकडे हिमस्खलनं होतात आणि माणसं गेलेली आहेत. शिकायला खालचं कुरण भरपूर आहे.

अंगाची तयारी म्हणाल तर मांड्या. आम्ही तिघं महिनाभर आधीपासून भाट्याच्या वाळूत चालत होतो आणि सुट्टीच्या दिवशी रत्नदुर्गाच्या पायऱ्या. वाळूत चालण्याचा खूप उपयोग झाला. गुडघे वाकवून उभं राहायची ताकद तिथेच आली. श्वासाचं मात्र वेगळं आहे, समुद्रसपाटीवरून एकदम अडीच हजार मीटरवर गेल्यावर पहिला दिवस सगळ्यांनाच धाप लागते. त्या दिवशी स्की लावूच नका. पाणी प्या, बाजारातून फेरी मारा, संध्याकाळी दुकानात जाऊन मापं देऊन ठेवा. संध्याकाळी गेल्याचा आणखी एक फायदा: सकाळी गर्दीत मुलांच्या बुटांचे मधले नंबर आधी संपतात, आमचे आदल्या रात्रीच बाजूला काढून ठेवलेले होते.

परत आल्यावर थर्मल आणि मोजे साध्या साबणानं धुतले, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता, कारण त्यानं कापडाची घाम ओढायची शक्ती जाते. हातमोजे बाहेरून लगेच सुकले, आतून सुकायला मात्र पंख्याखाली बरेच ठेवावे लागले. ते पूर्ण सुकल्याची खात्री झाल्यावरच, पॅकिंगमधून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवलेत. मेरिनोबरोबर कडुनिंबाचा पाला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून सगळं पंख्याखाली टाकायचं आणि पुड्या तव्यावर मंद आचेवर शेकून परत घालायच्या.